नकळत

शिवडीला व्यायामशाळेच्या पोटमाळ्यावर
महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शिस्तपालन समिती भरते.
तीन खुर्च्या. चौथी माझी, एक पाय हलणारी.
एकोणीस वर्षं मी गुणलेखक होतो,
मोतीबिंदू झाला तसं वर आणून बसवलं.
आता गुण नाही, इतिवृत्त लिहितो.

विषय क्रमांक चार.
जुईली वारंग, कर्णधार, काळाचौकी.
आरोप: उपांत्य सामन्यात सात मिनिटं शिल्लक असताना
चोवीस-सव्वीस अशा गुणफलकावर
संघ मैदानाबाहेर नेला.
कारण आरोपपत्रात नाही.
कारण असं, की चढाईत तिनं निदान रेषा ओलांडली होती
आणि पंच म्हणाले, नाही.

निदान रेषा. नाव काय ठेवलंय बघा.
निदान एवढी तरी ओलांडा, मग माघारी या.

तिला उभं ठेवायचं असा काही नियम नाही,
फक्त पाचवी खुर्ची नाही.
अ‍ॅडव्होकेट उन्हवणे कलम वाचतात:
चौदा, पोटकलम ब, खेळाच्या प्रतिमेस बाधा.
तुस्कानो सर रेल्वेतून निवृत्त,
ते चहा बिनसाखरेचा आहे ना विचारतात.
अध्यक्ष पेडामकर म्हणतात, "पोरी, अजून वय आहे तुझं खेळायचं.
दिलगिरी लिही, विषय संपव,"
आणि मला खूण करतात.

दिलगिरीची फाईल माझ्याकडे असते.
चाळीसेक पत्रं, मजकूर एकच,
कुणी कधी टंकलेल्याची झेरॉक्स, तिची झेरॉक्स,
नावाला जागा, तारखेला जागा:
'माझ्याकडून नकळत घडलेल्या वर्तनाबद्दल…'
अगदी तळाशी एक आहे, त्र्याऐंशी सालचं,
निळ्या शाईची सही, प-वरची मात्रा लांब ओढलेली.
ते मी कधी वर काढत नाही.

जुईलीनं कागद वाचला. परत वाचला.
खाली मॅटवर मुलींचा सराव चालला होता,
कबड्डीकबड्डीकबड्डी, एका दमात,
फरशीतून तळपायांना लागत होता.
तिनं माझं पेन मागितलं,
एक शब्द खोडला
आणि सही केली.

"नकळत का खोडलंस?"
"कळून केलं, सर."

मग पाऊण तास तेच.
नकळत काढलं तर उरते ती दिलगिरी धरायची का?
उन्हवणे म्हणाले, असं आधी कधी झालेलं नाही.
तुस्कानो म्हणाले, दिलगिरी तर खोडली नाही ना तिनं,
आणि बिस्किट बुडवलं, ते तुटून आत पडलं,
ते चमच्यानं शोधत राहिले.
पेडामकर गप्प. डावा गुडघा चोळत होते,
तोही त्र्याऐंशीचाच.
इतक्यात उन्हवण्यांना बोरिवलीहून फोन आला,
भाचीचा साखरपुडा, सगळे थांबलेत.
दोघांवर गणसंख्या भरत नाही.

मी लिहिलं:
सविस्तर चर्चा झाली. निर्णय पुढील सभेत.
तोवर खेळाडूस कोणत्याही स्पर्धेत भाग घेता येणार नाही.
हे शेवटचं वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं.
ते उच्चारावं लागत नाही, आपोआप येतं,
जसा चढाईत दम सुटला की पंचाचा हात वर जातो.
राज्य संघाची निवड चाचणी एकतीस तारखेला.
पुढचा दुसरा शनिवार त्यानंतरचा.
कॅलेंडर माझ्या समोरच्या भिंतीवर आहे,
आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली.

जिना उतरता उतरता ती म्हणाली, "येते काका."
मी मान हलवली.

सगळे गेल्यावर पेडामकर परत वर आले,
छत्री विसरली म्हणून. छत्री त्यांच्या हातातच होती.
फाईल मागितली. उलटी केली,
तळातला कागद वर घेतला,
उभ्यानंच वाचला, ओठ हलवत.
"जरा पेन देता?"

शर्टाचा खिसा चाचपला, टेबलाचा खण उघडला.
पेन ती घेऊन गेली होती.